उ म्हणजे कोणती बाजू

॥ श्री ॥

मुरुम, ता. उमरगा
दि. १४ ऑगस्ट २०२४

ती. शामलाअक्कांस,
मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी, मल्लिनाथ शांतलिंग हत्तुरे, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य पदवीधर, येथील महाविद्यालयाचा कार्यालयीन अधीक्षक आणि तुमचा एकुलता एक धाकटा भाऊ, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. गेल्या महिन्यात तुम्ही पोस्टकार्डावर फक्त एक ओळ लिहून, ती गाडी खरोखर आहे की अफवा आहे, असे विचारले होते. त्या प्रश्नाचे लेखी उत्तर देणे हा तो हेतू होय.

गाडी आहे. गावाबाहेर गोरोबा मिस्त्रींच्या वर्कशॉपला लागून जी पत्र्याची शेड आहे, तीत ती अकरा वर्षांपासून आहे. सन २०१३ मध्ये सोलापूरच्या एका हौशी गृहस्थांकडून मी नऊ खोकी आणली, तेव्हा तुम्ही येथेच होता. टेम्पोतून खोकी उतरताना, एवढ्या खोक्यांत कोणाचे बिऱ्हाड आले, असे तुम्ही विचारल्याचे मला आठवते. त्यांत फायबरची बॉडी, सुटे भाग आणि चौसष्ट पानांची माहितीपुस्तिका होती. अशा गाडीस किट कार म्हणतात. सांगाडा आणि इंजिन आपण जुन्या गाडीचे मिळवायचे, बाकी सारे खोक्यांतून काढून घरी जोडायचे. दोन माणसांची गाडी, वर छप्पर नाही.

पुस्तिकेत या कामास सुमारे चार महिने लागतील असे म्हटले आहे. ते लिहिणाऱ्यास पाने ३१ ते ३८ उपलब्ध असावीत. आपल्या प्रतीतील ही आठ पाने कसरीने खाल्लेली होती, आणि स्टिअरिंग व ब्रेक यांचे प्रकरण नेमके त्याच पानांत होते. त्या आठ पानांनी माझी पाच वर्षे घेतली. उरलेल्या सहा वर्षांत सांगाडा दोनदा बदलला, इंजिन तीनदा उतरवले आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे नव्याने बसवले. कारण पहिल्या पाट्यांवर चाचणीसाठी बसलेली शिवप्रिया त्यानंतर आठवडाभर घरात तिरपी चालत होती. पत्नीवर चाचणी घेऊ नये, ही सूचना तिने केली व मी ती मान्य केली.

गेल्या रविवारी एक मोठे काम पार पडले. इंजिन उचलण्याची साखळी-पुली शेडच्या दक्षिणेकडील तुळईस टांगलेली आहे आणि गाडीचे तोंड पहिल्या दिवसापासून उत्तरेस होते. म्हणून बारा माणसे लावून आम्ही गाडी उचलून जागच्या जागी फिरवली. आता तोंड दक्षिणेस आहे. दक्षिणेस तोंड बरे नव्हे, असे शिवप्रियेचे मत पडले. मी ते ऐकून घेतले.

पहिल्या खोक्याची दोरी कापताना मी तुम्हास शब्द दिला होता की, या गाडीचे स्टिअरिंग सर्वांआधी तुम्ही धराल. तो शब्द मी विसरलेलो नाही. येत्या भाऊबीजेस, म्हणजे रविवार दि. ३ नोव्हेंबर रोजी, तो पूर्ण करण्याचा माझा निश्चय आहे.

प्रकृतीस जपावे व आपल्या भावाविषयी अफवा पसरू देऊ नये, इतकेच मागणे.

आपला आज्ञाधारक,
मल्लिनाथ

*

भूम
दि. २५ ऑगस्ट २०२४

चि. मल्लिनाथ यास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तू कोण आहेस ते सविस्तर कळवलंस, बरं केलंस. मात्र ते नाव मीच ठेवलेलं आहे रे. तुझ्या बारशाला मी बारा वर्षांची होते. आत्याबाईंना ऐन वेळी शिंकांवर शिंका यायला लागल्या, तेव्हा पाळण्यात वाकून तुझ्या कानात नाव मी सांगितलं. तेव्हाही तू असंच कपाळाला आठ्या घालून, हे नियमात बसतं का, अशा चेहऱ्यानं बघितलं होतंस.

तरी पत्रच लिहीत जा. फोनवर तू हो, बरं आणि ठेवतो यांपलीकडे जात नाहीस.

आता माझी एक गोष्ट ऐक. तुझ्या भाऊजींच्या स्कूटरवर मागे एका अंगानं बसून मी तीस वर्षं शाळेत शिकवायला गेले. एका अंगानं बसलेल्या बाईला रस्त्याची डावीच बाजू दिसते. भूमच्या रस्त्याची उजवी बाजू मी खऱ्या अर्थानं पाहिली ती भाऊजी गेल्यावर, पायी चालताना. एकदा मी त्यांना म्हटलं होतं की मलाही शिकवा. ते इतका वेळ हसले की कपातल्या चहावर साय धरली. वाईट नव्हते ते, पण हसले. तेव्हापासून मनात आहे, एकदा तरी पुढं बसायचं आणि पुढं बघायचं.

आणि म्हणूनच तुला पोस्टकार्ड टाकलं होतं. गेल्या महिन्यात माझा कैवल्य पुण्याहून आला आणि मला बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेचं हळूहळू पुसत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. मी डॉक्टरांना विचारलं की मोकळ्या रानात, हळू, शेजारी माणूस घेऊन एखादी गाडी चालवली तर चालेल का. ते आधी माझ्याकडं, मग कैवल्यकडं बघायला लागले. शेवटी म्हणाले की रस्त्याचं नाव काढायचं नाही, रानात चालेल, पण हा प्रश्न पुढच्या वर्षी विचारू नका.

तर मल्लू, तारीख तू घातलीस ते बरं झालं. ह्या भाऊबीजेला गाडी हलली तर मी चालवीन. पुढच्या भाऊबीजेचा भरवसा मी देऊ शकत नाही. आणि साडी आणू नकोस, कपाटात जागा नाही.

शिवप्रियेला सांग, तिरपं चालणं थांबलं नसेल तर सुंठ लावून बघ.

तुझी,
अक्का

*

मुरुम
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र तीनदा वाचले. तिसऱ्या दिवशी असे लक्षात आले की, या प्रसंगी माझ्या हातात करण्याजोगे जे आहे, ते शेडमध्ये आहे. म्हणून केलेली व्यवस्था कळवतो.

शेडसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे, मावळतीच्या अंगास, गोरोबांचे थोरले बंधू रामलिंग यांचे सपाट रान आहे. दसऱ्याच्या सुमारास त्यातील सोयाबीन निघेल. फक्त रस्त्याच्या बांधालगत तुरीच्या दोन ओळी उभ्या राहतील, त्यांपासून दूर राहावयाचे. ॲक्सिलरेटरच्या खाली मी बाभळीचा ठोकळा बसवत आहे, जेणेकरून वेग बैलगाडीच्या थोडा वर आणि सायकलीच्या बराच खाली राहील. माझ्या पायाखाली ब्रेकचे दुसरे पेडल असेल. ते मी वापरीन असे नाही, परंतु असेल.

अडचण रस्त्याची आहे. गाडीची नोंदणी अद्याप झालेली नाही आणि नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. रस्ता केवळ साडेचार मीटर रुंद आहे, रात्री कोण बघतंय, असे गोरोबांचे म्हणणे पडले. मी त्यांना म्हटले की नियम रुंदी पाहून लागू होत नाही. यावर विचार चालू आहे.

आता एक विनंती. आसन नेमके तुमच्यासाठी बसवायचे आहे. तरी टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर आणि खांदा ते मनगट ही मापे सेंटिमीटरमध्ये पाठवावीत. अंदाजे पाठवू नयेत.

चुका होण्याचे भय बाळगू नये. आमची कामाची पद्धत पक्की आहे. उजव्या बाजूच्या प्रत्येक भागावर पिवळ्या रंगाने 'उ' हे अक्षर काढलेले असते. ज्यावर अक्षर नाही तो डावा. ही पद्धत गोरोबांनीच पहिल्या वर्षी सुरू केली आणि मी ती उचलली. अकरा वर्षांत कोणता भाग कोणत्या बाजूचा यावरून आमच्या दोघांत एकदाही मतभेद झालेला नाही. दोन माणसांत इतकी एकवाक्यता मी महाविद्यालयात पाहिलेली नाही.

थेंब वेळेवर घालावेत. कृपा आहेच, ती मापांच्या रूपाने लवकर प्रकट व्हावी.

आपला,
मल्लिनाथ

*

भूम
दि. २२ सप्टेंबर २०२४

चि. मल्लिनाथ यास,
अ. उ. आ.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. शिंप्याकडून घेतली. टाच ते गुडघा माप कशाला, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की गाडी शिवायची आहे. आता तो समोर आला की रस्ता ओलांडून जातो.

माझा सराव जोरात चालू आहे. सोप्यात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. उजवीकडच्या खुर्चीवर मी बसते, हातात परात धरते आणि पायाखाली तीन पाट ठेवले आहेत, क्लच, ब्रेक आणि तुझा तो बाभळीचा ठोकळा. डावीकडच्या खुर्चीवर तू आहेस, म्हणजे पाण्यानं भरलेला तांब्या आहे. तुझ्यापेक्षा कमी बोलतो, एवढाच फरक. आठवड्यात तीन वेळा तांब्या सांडला. मांजर होतं, असं मी घरातल्या बाईला सांगितलंय. तू पण तेच धरून चाल.

कैवल्यचा फोन आला होता. त्याचं म्हणणं, हट्ट सोड आणि पुण्याला ये. मी म्हटलं की भाऊबीजेनंतर बोलू. तो म्हणाला की मामाच्या गाडीची वाट बघायची तर मग तू पुण्याला कधीच येणार नाहीस. बघ, तुझी कीर्ती कुठवर पोचली आहे.

तुझी ती 'उ' ची पद्धत मला फार आवडली. भूमला आम्ही 'उ' म्हणजे उशीर असं धरतो.

पण तारखेला चुकू नकोस रे. खरंच नको.

तुझी,
अक्का

*

मुरुम
दि. २१ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रात वाईट बातमी आहे, याबद्दल क्षमा असावी.

दसऱ्यानंतर महाविद्यालयात तपासणी समिती येणार असल्याने नऊ दिवस मला शेडकडे फिरकता आले नाही. जाण्यापूर्वी गोरोबांना मी लेखी सूचना दिली होती: 'इंजिन बसल्यावर स्टिअरिंग, पेडल व चालकाचे आसन उ बाजूस पक्के करावे.' सूचना सुस्पष्ट होती. तिची नक्कल माझ्याकडे आहे.

काल सायंकाळी शेडमध्ये गेलो. गोरोबांनी गाडी पुसून चकचकीत केली होती आणि बोनेटला झेंडूचा हार घातला होता. मी आनंदाने उजव्या बाजूने चालकाच्या जागी बसलो आणि पुढे हात केले, तो हातात काहीच आले नाही. स्टिअरिंग डावीकडे होते. आसन डावीकडे होते. पेडले डावीकडे होती. सारे वेल्डिंगने पक्के केलेले, आणि ते वेल्डिंग इतके सुबक की, अक्का, मला रडू येण्याचे अर्धे कारण तेच होते. इतकेच नव्हे, डावा दिवा दाखवला की उजवा लागतो.

मी गोरोबांना विचारले की हे काय केले. त्यांनी शांतपणे, सूचनेप्रमाणे केले, असे सांगून बाहेर उगवतीकडे बोट दाखवले. तेव्हा अकरा वर्षांत प्रथमच मला कळले की त्यांचा 'उ' हा उजव्याचा नव्हताच. तो उगवतीचा होता. गाडीचे तोंड उत्तरेस असताना उगवत आणि उजवी बाजू एकच होती. त्यामुळे दोघांचे बरोबर येत राहिले. ऑगस्टमध्ये आम्ही गाडी फिरवली. गाडी फिरली, उजवी बाजू तिच्यासह फिरली. उगवत तिथेच राहिली.

ज्या एकवाक्यतेचा मी मागील पत्रात अभिमानाने उल्लेख केला, ती मुळात नव्हतीच. आम्ही दोघे अकरा वर्षे निरनिराळे बोलत होतो.

हे उलगडून पुन्हा उजवीकडे नेण्यास किमान सहा आठवडे लागतील. गोरोबांकडे मी लेखी खुलासा मागितला आहे. भाऊबीज हुकते. डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे, आणि तरीही चुकीच्या बाजूला बसवलेल्या स्टिअरिंगवर मी तुम्हास बसवू शकत नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबता येईल काय, हे विचारण्याची हिंमत गोळा करून विचारत आहे.

अपराधी,
मल्लिनाथ

*

मुरुम
दि. २२ ऑक्टोबर

मोठ्या बाईंना गोरोबा मिस्त्रीचा रामराम.

पत्र लिवायला कारन की आण्णांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. त्यांना दिला तर ते आधी सुद्दलेकन तपासत्यात आन मग मजकूर बघत्यात. तुमी बी मास्तरीन हाव, पर तुमी पास तरी करताल म्हून तुमालाच धाडायलो. माझ्या पुतनीनं पाकिटावर पत्ता घातलाय, त्यो बराबर आसंल.

खुलासा आसा. आमच्यात शेताची, घराची, दावनीच्या बैलाची, समद्याची बाजू उगवत न्हायतर मावळत. डावं-उजवं लई घोळाचं. तुमी माझ्यामोरं हुबा राहिलाव तर तुमचं उजवं ती माझं डावं. मग खरं कुनाचं धरायचं? उगवत कुनासाठी बदलत न्हाय. आन आण्णांनी कागदावर नुस्ता उ काढून दिला, पुरा शबुद लिव्हला न्हाय. येवडा शिकलेला मानूस, शाई वाचवतंय.

गाडी अकरा वर्सं जाग्यावरनं हालली न्हाय. जी हालत न्हाय तिला घरावानी उगवत-मावळतच आसती. घराला कुनी डावं-उजवं म्हंतं का? ह्ये मी आण्णांना म्हन्लो तर ते खाली बसले आन पानी मागितलं.

चूक माझी बी हाय. दोन जागंला भोकं व्हती, डावीकडं बी आन उजवीकडं बी. मनात आलं व्हतं की आपल्याकडच्या गाड्या तर उजवीकडनं चालत्यात. पर आण्णांची गाडी कवाच दुसऱ्यासारखी न्हवती, म्हून म्हन्लो आसंल.

बाई, एक सांगतो. आण्णा काल रातीला जेवले न्हायत म्हून वैनी सांगत व्हत्या. गाडीपाई न्हाय, तुमच्यापाई. तुमीच कायतरी लिवा. ते माझं ऐकत न्हायत आन वैनीचं नुस्तं ऐकून घेत्यात.

चुकभूल पदरात घ्यावी.

गोरोबा

*

भूम
दि. २६ ऑक्टोबर २०२४

चि. मल्लिनाथ यास,
अ. उ. आ.

तुझं आणि गोरोबांचं अशी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. गोरोबांचा खुलासा मला मान्य आहे. त्यांना पैकीच्या पैकी. तुला अर्धा गुण कमी, शब्द पुरा न लिहिल्याबद्दल. आणि आधी जेव.

आता नीट वाच. स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

तांब्या मांजरानं सांडला नव्हता, हे तू ओळखलं असशील. नसशील तर आता ओळख. माझी डावी कड गेली आहे, मल्लू. उजवी अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. उजव्या खुर्चीवर बसलं की अख्खी गाडी माझ्या डावीकडं, म्हणजे जिथं मला काही दिसत नाही तिथं येते. तू तिथं तांब्याच्या जागी बसणार होतास आणि मला तू दिसणार नव्हतास. मी महिनाभर परात फिरवत होते आणि मनातून घाबरलेली होते. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच मापं मागितली असतीस.

तुझं पत्र वाचल्यावर उठले आणि डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. तांब्या उजवीकडं ठेवला. मल्लू, सगळा दिसला. काठापर्यंत. पाणी हललेलंसुद्धा दिसलं. दोन दिवस झाले, एक थेंब सांडला नाही.

जगातली कोणतीही शहाणी माणसं मला इथं डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी देऊ शकली नसती. ती फक्त तुम्ही दोघं देऊ शकलात, आणि तीही अकरा वर्षं घेऊन. तुला ते चुकीचं दिसतं, हे मला कळतं. उशीची शिवण उलटी आली म्हणून लहानपणी तू रात्रभर बसून राहायचास. पण गाडी तुझी आणि डोळे माझे आहेत. तुझ्या गाडीला माझ्यासाठी चुकीची राहू दे.

दिव्यांच्या वायरी मात्र बदलून घ्या, तेवढी तुला मुभा देते.

शनिवारी दुपारच्या एसटीनं निघते. उमरग्याला कोणीतरी घ्यायला या. रस्ता कसा ओलांडायचा ते ठरव.

तुझी,
अक्का

*

मुरुम
दि. १० नोव्हेंबर २०२४

ती. शामलाअक्कांस,
मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

आपण सुखरूप भूमला पोहोचल्याचे आणि पहिल्याच दिवशी शिंप्याला थांबवून सारी हकीकत ऐकवल्याचे कळले. भाऊबीजेच्या दिवशी जे घडले त्याची एक व्यवस्थित नोंद दोघांकडे असावी, म्हणून हे लिहीत आहे. काही बाबी तुमच्या लक्षात नसतील, कारण तुम्ही पुढे पाहत होता.

रस्ता ओलांडण्याचा तोडगा शेवटी रामलिंग यांच्याकडून मिळाला. बैलांनी ओढलेली वस्तू ती बैलगाडी, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मला त्यात खोट काढता आली नाही. त्यांच्याच बैलजोडीने गाडी रस्त्यापार ओढली; इंजिन थंड होते, किल्ली माझ्या खिशात होती आणि पुढे शिवप्रिया लाल फडके घेऊन चालत होती. याच वेळी उमरग्याकडे जाणारी एसटी आली व थांबली. निम्मे प्रवासी खाली उतरले. कंडक्टरनी ही मिरवणूक कोणत्या देवाची, असे विचारले. शिवप्रियेने, अजून ठरायचं आहे, असे उत्तर दिले. ते मला त्या वेळी रुचले नाही, आता रुचते.

शेतात तुम्ही मला ओवाळले आणि मग गाडीलाही ओवाळले. मी ताटात किल्ली ठेवली. तुम्ही ती उचलली, ताट माझ्या हाती दिले आणि डाव्या बाजूने आत बसलात. ताट ठेवण्यास गाडीत जागा नाही, ही त्रुटी तेव्हा लक्षात आली.

एकंदर अंतर, पावलांनी मोजले असता, सहाशे दहा मीटर भरले. इंजिन पाच वेळा बंद पडले, त्यांपैकी चार वेळा तुमच्यामुळे आणि एकदा माझ्यामुळे. कारण न राहवून मी ते दुसरे पेडल वापरले. त्यावर तुम्ही मला भर शेतात, पाय वर घेऊन बस, असे बजावले आणि मी चौपन्नाव्या वर्षी मांडी घालून बसलो.

दुसऱ्या फेरीतील प्रसंगाबाबत माझी चूक मान्य करतो. आपण दक्षिणेस निघालो होतो. तुमच्या डाव्या हाताला बांधालगतची तूर होती आणि गाडी तिच्याकडे सरकत चालली होती. मला ती दिसत होती, तुम्हास दिसत नव्हती. मी तत्काळ सूचना दिली की, आता तुम्ही उजवीकडे, म्हणजे तुमच्या उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूस मी बसलो आहे त्या बाजूस वळावे. वाक्य पूर्ण आणि निर्दोष होते. परंतु ते संपले तेव्हा आपण तुरीत होतो. तेवढ्यात बांधावरून गोरोबांनी, बाई, मावळतीला, एवढाच एक शब्द ओरडून दिला. सूर्य पलीकडच्या शेतावर टेकलेला होता. तुम्ही क्षणभरही न थांबता त्याच्याकडे वळलात आणि आपण बाहेर आलो. तिसरी फेरी तुम्ही माझ्या एकाही शब्दावाचून, उगवत-मावळतीवर पुरी केलीत. मी अकरा वर्षांत ज्याला पद्धत म्हणत होतो आणि गोरोबा ज्याला पद्धत म्हणत होते, त्या दोहोंतली कोणती बरोबर, याचा निकाल त्या शेतात लागला. या गाडीत यापुढे डावे-उजवे हे शब्द वापरले जाणार नाहीत, असा कागद मी शेडच्या दारावर लावला आहे. ढगाळ हवामानाची तरतूद करावयाची राहिली आहे.

कैवल्यचा फोन आला होता. पुण्याला आताच येत नाही, मुरुमला सराव आहे, असे तुम्ही त्यास सांगितल्याचे कळले. त्याने मला विचारले की मामा, पुढं दिसेनासं झालं तर काय. मी त्यास सांगितले की समोरचे अक्का पाहतील आणि कडेचे आम्ही ओरडू. त्यासाठी गोरोबांचा आवाज पुरेसा आहे; कमी पडल्यास मी आहे, परंतु मला लहान वाक्ये बोलण्याचा सराव करावा लागेल. शिवप्रिया तो रोज संध्याकाळी घेत आहे.

स्टिअरिंग जिथे आहे तिथेच राहील. उजव्या बाजूचे रिकामे भोक पाहिले की मला अजून अस्वस्थ वाटते, हे खरे आहे. गोरोबांनी तेथे मला धरण्यासाठी एक कडी बसवून दिली. स्टिअरिंगवरचा पिवळा 'उ' मी पुसलेला नाही. उजवीकडे तो नाही आणि गाडी हलू लागल्याने उगवतीकडेही तो राहत नाही. तेव्हा तुम्ही भूमला लावता तो अर्थच शिल्लक उरतो, आणि तो मी स्वीकारतो.

शेवटची एक बाब. डाव्या मडगार्डच्या फटीत तुरीच्या दोन फांद्या शेंगांसकट अडकून राहिल्या आहेत. परवा गोरोबा त्या काढावयास निघाले होते. मी त्यांना लेखी मनाई केली आहे, आणि या खेपेस शब्द पुरे लिहिले आहेत.

थेंब वेळेवर घालावेत. पुढच्या रविवारी रान मोकळे आहे.

आपला धाकटा भाऊ,
मल्लिनाथ शांतलिंग हत्तुरे
मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव
दि. १० नोव्हेंबर २०२४